डेंड्राइटवरचे सिग्नल एकत्र कसे येतात? पहिलं मॉडेल बांधणाऱ्यांसाठी वाटाड्या

न्यूरॉनच्या फांद्यांवर, म्हणजे डेंड्राइटवर, हजारो सिनॅप्स (दुसऱ्या पेशींशी जोडणीच्या जागा) असतात, त्यांच्या सिग्नलांची बेरीज सोमापाशी, म्हणजे पेशीच्या मुख्य देहापाशी, होते आणि बेरीज उंबरठा ओलांडून गेली की स्पाइक, म्हणजे व्होल्टेजचा झटका, सुटतो, असं आपण शिकतो. पण ही बेरीज साधी नसते. सिनॅप्स कुठल्या फांदीवर आहे, फांदी किती जाड आहे, पेशीपटल किती गळकं आहे, शेजारचा सिनॅप्स कधी उघडला, यावर तिचं उत्तर बदलतं. हे वाचून पटतं, पण हाताला लागत नाही. त्यासाठी एक छोटं मॉडेल स्वतः बांधावं लागतं.

माझा आग्रह एकच आहे: सिम्युलेटरने दिलेला प्रत्येक आकडा सुरुवातीला कागदावर आधी काढलेला असावा. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये बराच वेळ आपण ‘निष्क्रिय’ पेशीवरच राहणार आहोत, म्हणजे व्होल्टेजनुसार उघडझाप करणारे चॅनेल नसलेली पेशी. कंटाळवाणी वाटली तरी शिकण्यासारखं बहुतेक तिथेच आहे.

१. आधी काय जमवायचं

- न्यूरॉन नावाचा सिम्युलेटर. मायकल हाइन्स आणि टेड कार्नेव्हाल यांनी वाढवलेला, फुकट मिळणारा आणि पायथनमधून चालवता येणारा.
- पायथन आणि आलेख काढायला मॅटप्लॉटलिब.
- एका खऱ्या पेशीच्या आकाराची एसडब्ल्यूसी फाइल. न्यूरोमॉर्फो या खुल्या संग्रहात अशा फाइली भरपूर आहेत. ही पाचव्या पायरीला लागेल, आत्ता उघडू नका.
- वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर, कागद, पेन्सिल.

एककांचा एक तक्ता समोर चिकटवून ठेवा, कारण या सिम्युलेटरमध्ये ती सरमिसळ आहेत. लांबी-व्यास मायक्रॉनमध्ये, पेशीच्या आतल्या द्रवाचा रोध ओहम-सेंटिमीटरमध्ये, पटलाची धारिता दर चौरस सेंटिमीटरला मायक्रोफॅरडमध्ये, गळतीची वाहकता दर चौरस सेंटिमीटरला सीमेन्समध्ये, पण सिनॅप्सची वाहकता नुसत्या मायक्रोसीमेन्समध्ये आणि टोचलेला प्रवाह नॅनोॲम्पियरमध्ये. गळती क्षेत्रफळावर पसरलेली असते, सिनॅप्स एका बिंदूवर असतो, म्हणून हा फरक.

२. दोन आकडे कागदावर काढा

पहिला टाऊ, म्हणजे पटलाचा कालस्थिरांक:

टाऊ = पटलाचा विशिष्ट रोध × धारिता

धारिता जवळपास सगळ्या पेशींत दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. पटलाचा रोध मात्र पेशीगणिक खूप बदलतो. आपण २०,००० ओहम-चौरस सेंटिमीटर धरू. टाऊ आला २० मिलिसेकंद. पटलावर आलेला धक्का विरायला लागणारा वेळ या मापाचा असतो.

दुसरा लॅम्डा, म्हणजे लांबीचा स्थिरांक:

लॅम्डा = वर्गमूळ [ (व्यास ÷ ४) × (पटलाचा रोध ÷ आतल्या द्रवाचा रोध) ]

आतल्या द्रवाचा रोध १५० ओहम-सेंटिमीटर आणि व्यास २ मायक्रॉन धरा. व्यास आधी सेंटिमीटरमध्ये न्यायला विसरू नका. उत्तर साधारण ८१६ मायक्रॉन येतं.

लॅम्डाच्या सूत्रात आकार आणि पटल दोन्ही एकत्र बसलेले आहेत. म्हणून ‘हा सिनॅप्स सोमापासून ३०० मायक्रॉनवर आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. जाड आणि कमी गळक्या फांदीवर ३०० मायक्रॉन म्हणजे उंबऱ्याजवळ, आणि बारीक गळक्या फांदीवर तेच अंतर दूरचं गाव. अंतर नेहमी लॅम्डाच्या पटीत लिहायची सवय लावा.

हे गणित मुळात समुद्राखालच्या टेलिग्राफच्या तारेसाठी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५५ च्या सुमारास केलं होतं. हॉजकिन आणि रश्टन यांनी १९४६ मध्ये ते चेतातंतूवर मोजून दाखवलं आणि विल्फ्रिड रॉल यांनी पन्नास-साठच्या दशकांत ते फांद्याफांद्यांच्या डेंड्राइटला लावलं.

३. सरळ नळकांडं: इथे उत्तर माहीत आहे

सिम्युलेटरमध्ये एकच विभाग बनवा: लांबी ८१६ मायक्रॉन, व्यास २ मायक्रॉन, म्हणजे नेमका एक लॅम्डा. एका टोकाला ०.०१ नॅनोॲम्पियर, म्हणजे १० पिकोॲम्पियर, सतत टोचा आणि किमान १०० मिलिसेकंद थांबा, कारण स्थिर व्हायला पाचेक टाऊ जाऊ द्यावे लागतात.

उत्तर असं यायला हवं: विश्रांतीच्या व्होल्टेजपेक्षा (प्रवाह नसतानाच्या पातळीपेक्षा) टोचलेल्या टोकाला ५.१ मिलिव्होल्ट वर, लांबच्या टोकाला ३.३. पाठांतरावर विसंबलेले इथे अडखळतात, कारण ‘एका लॅम्डावर व्होल्टेज ३७ टक्के उरतं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अनंत लांबीच्या तारेसाठी खरं आहे. खऱ्या डेंड्राइटचं टोक बंद असतं, प्रवाहाला पुढे जायला वाट नसते, म्हणून एक लॅम्डा लांबीच्या बंद नळकांड्यात ६५ टक्के उरतं.

उत्तर जुळलं नाही तर पुढचे सापळे तपासा.

पहिला सापळा, मूळ किमती. तुम्ही काही न सांगता बनवलेला विभाग १०० मायक्रॉन लांब आणि ५०० मायक्रॉन जाड असतो. आतला रोध ३५.४ असतो, तो स्क्विड या सागरी प्राण्याच्या अजस्र ॲक्सॉनवरून (सिग्नल बाहेर नेणाऱ्या तंतूवरून) आलेला. गळतीची वाहकता ०.००१ असते, म्हणजे पटलाचा रोध फक्त १,०००. आपल्याला ०.००००५ हवी. या चारही किमती स्वतः लिहा.

दुसरा सापळा, तुकडे. सिम्युलेटर प्रत्येक विभागाचे तुकडे पाडून हिशोब करतो आणि मूळ तुकडा एकच असतो. एकाच तुकड्यात व्होल्टेजला उतार नसतो, त्यामुळे दोन्ही टोकांना एकच आकडा दिसतो आणि वाटतं की सिग्नल न घटता पोचला. १०० हर्ट्झने बदलणाऱ्या सिग्नलसाठी काढलेल्या लॅम्डाच्या दहाव्या हिश्शापेक्षा तुकडा लांब नको, हा प्रचलित नियम आहे. आपल्या तारेसाठी तो लॅम्डा साधारण ३२६ मायक्रॉन, म्हणून २५ तुकडे. संख्या विषम ठेवा, म्हणजे मध्यबिंदूवर एक तुकडा बसतो. मग तुकडे तिप्पट करून पाहा. उत्तर हललं नाही तर पुरे.

तिसरा सापळा, सुरुवातीचं व्होल्टेज. सिम्युलेशन उणे ६५ मिलिव्होल्टपासून सुरू होतं आणि गळतीचं संतुलन मूळात उणे ७० ला असतं. आलेखाच्या सुरुवातीला दिसणारी घसरण सिग्नल नसते. दोन्ही उणे ६५ करा.

आणि प्रवाह ०.०१ ऐवजी चुकून १ लिहिला तर ५०० मिलिव्होल्ट येतील. निष्क्रिय मॉडेल तक्रार करत नाही, ते शांतपणे अशक्य आकडे देतं.

४. एक फांदी फोडा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. हिला घाई करू नका.

नळकांड्याचा पहिला अर्धा भाग तसाच ठेवा: ४०८ मायक्रॉन लांब, २ मायक्रॉन जाड. त्याच्या टोकाला दोन सारख्या फांद्या जोडा, प्रत्येकी १.२६ मायक्रॉन जाड आणि ३२४ मायक्रॉन लांब. हे आकडे रॉल यांच्या तीन-द्वितीयांश घाताच्या नियमातून येतात: मूळ फांदीच्या व्यासाचा दीड घात हा उपफांद्यांच्या व्यासांच्या दीड घातांच्या बेरजेइतका असला, आणि सगळी टोकं लॅम्डाच्या हिशोबात सारख्या अंतरावर असली, तर बुंध्याकडून पाहताना अख्खं झाड एका सरळ नळकांड्यासारखं वागतं. बारीक फांदीचा लॅम्डा लहान असतो, म्हणून ४०८ ऐवजी ३२४.

आता दोन प्रयोग करा.

बुंध्याच्या, म्हणजे जाड भागाच्या, फांद्या नसलेल्या टोकाला १० पिकोॲम्पियर टोचा. बुंध्याला ५.१ मिलिव्होल्ट, प्रत्येक फांदीच्या टोकाला ३.३. अगदी सरळ नळकांड्यासारखं. नियम पाळला गेला.

आता तोच प्रवाह एका फांदीच्या टोकाला टोचा. त्या टोकाला ६.९ मिलिव्होल्ट येतील आणि बुंध्याला ३.३.

यातून तीन गोष्टी एकदम दिसतात. बारीक टोकाला तोच प्रवाह जास्त व्होल्टेज उठवतो, कारण तिथला प्रवेशरोध (टोचलेल्या प्रवाहामागे उठणारं व्होल्टेज) मोठा आहे, जवळजवळ ६९० मेगाओहम. बुंध्याला तो ५१२ आहे. दुसरी, व्होल्टेजची घट दोन्ही दिशांना सारखी नाही: बुंध्याकडून टोकाला जाताना ६५ टक्के उरलं, टोकाकडून बुंध्याला येताना ४८ टक्केच. येणाऱ्या प्रवाहाला बुंधा आणि बहीण-फांदी दोघींचं पोट भरावं लागतं. आणि तिसरी, जी सहसा निसटते: पलीकडे पोचलेला आकडा दोन्ही वेळा ३.३ च आहे. ‘अ’ला प्रवाह टोचून ‘ब’ला मोजा किंवा ‘ब’ला टोचून ‘अ’ला, निष्क्रिय झाडात उत्तर एकच येतं, आकार कितीही वेडावाकडा असला तरी. तुमच्या मॉडेलमध्ये हे जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, जोडणीत काहीतरी बिघडलेलं आहे.

म्हणूनच ‘दूरचे सिनॅप्स दुबळे असतात’ हे विधान जपून वापरा. स्वतःच्या फांदीवर ते फार बलवान असतात. सोमापाशी पोचताना व्होल्टेज खूप घटतं, पण सुरुवातही उंचावरून झालेली असते.

५. आता खरी पेशी आणा

एसडब्ल्यूसी फाइल म्हणजे बिंदूंची यादी. प्रत्येक ओळीत क्रमांक, प्रकार, तीन निर्देशांक, त्रिज्या आणि पालक-बिंदूचा क्रमांक. प्रकारात १ म्हणजे सोमा, २ ॲक्सॉन, ३ तळाचे डेंड्राइट, ४ शिखराकडचे डेंड्राइट. सहावा स्तंभ त्रिज्येचा आहे, व्यासाचा नाही. स्वतः फाइल वाचणारा कोड लिहिलात तर इथे सगळी पेशी निम्म्या जाडीची होऊ शकते, आणि चित्रात ते ओळखू येत नाही.

फाइल निवडताना फांद्यांच्या सुंदर चित्राला भुलू नका. त्रिज्येचा स्तंभ पाहा. सगळीकडे एकच किंवा दोन-तीनच किमती असतील तर ती फाइल शाखारचना मोजायला चालेल, आपल्या कामाची नाही. लॅम्डा व्यासाच्या वर्गमुळावर चालतो आणि प्रवेशरोध दीड घातावर, तेव्हा व्यास अंदाजे असून भागत नाही. खोलीच्या दिशेने अचानक उड्या, कापलेल्या फांद्या, सोमाला न जोडलेले तुकडे हेही बघून घ्या.

डेंड्राइटवर काटे (सिनॅप्स जिथे बसतात ते बारीक उंचवटे) असतील तर फाइलमध्ये ते बहुधा नसतात, पण त्यांचं पटल असतंच. सोपा उपाय म्हणजे काटेरी भागात धारिता आणि गळतीची वाहकता दोन्ही एकाच गुणकाने वाढवणं. साधारण दीड ते दोन पट घेतात. एकच वाढवलीत तर टाऊ बिघडतो.

पटलाचा रोध ठरवायला प्रयोगातला टाऊ वापरणार असाल तर वक्राची फक्त शेपटी जुळवा. सोमातला धक्का सुरुवातीला झपाट्याने उतरतो, कारण भार डेंड्राइटमध्ये पसरत असतो, गळत नसतो. तो सुरुवातीचा भाग धरला की टाऊ खोटा लहान येतो. रॉल यांनी १९५७ मध्ये मोटर न्यूरॉनांच्या मोजमापांबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला होता, आणि त्यातून डेंड्राइटचं महत्त्व किती कमी लेखलं जात होतं ते दिसलं.

६. एक सिनॅप्स, दोन ठिकाणी नोंद

दोन घातांकांचा तयार सिनॅप्स घ्या: चढ ०.२ मिलिसेकंद, उतार २ मिलिसेकंद, उलट-व्होल्टेज (ज्या व्होल्टेजला सिनॅप्समधून प्रवाह वाहायचा थांबतो ते) शून्य, वाहकता ०.०००५ मायक्रोसीमेन्स. तो आधी सोमाजवळ, मग मध्यावर, मग टोकाला ठेवा आणि दर वेळी सिनॅप्सच्या जागी आणि सोमात अशा दोन्ही ठिकाणी व्होल्टेज नोंदवा. फक्त सोमातली नोंद ठेवणं ही या कामातली सगळ्यात महाग काटकसर आहे.

प्रत्येक नोंदीतून तीन आकडे काढा: शिखराची उंची, शिखराला लागलेला वेळ, अर्ध्या उंचीवरची रुंदी. सिनॅप्स जसा दूर जाईल तसं फांदीवरचं शिखर उंच आणि टोकदार होईल, सोमातलं मात्र बुटकं, उशिराचं आणि रुंद. रॉल यांनी १९६७ मध्ये वेळ आणि रुंदी एकमेकांसमोर मांडून दाखवलं की सोमातल्या नोंदीच्या आकारावरून सिनॅप्स किती दूर आहे याचा अंदाज बांधता येतो.

चौथ्या पायरीपेक्षा इथे घट जास्त दिसेल. स्थिर प्रवाहाचा लॅम्डा ८१६ मायक्रॉन होता, १०० हर्ट्झचा ३२६. जलद बदलणारा सिग्नल पटलाची धारिता भरण्यातच खर्ची पडतो. त्यामुळे शिखर खूप घटतं, पण वक्राखालचं क्षेत्रफळ तितकं घटत नाही. एकाच पेशीत ‘किती टक्के पोचलं’ याची दोन वेगळी उत्तरं बरोबर असू शकतात. शिखर मोजलं की क्षेत्रफळ, ते लिहा.

७. दोन सिनॅप्स: बेरीज कुठे चुकते

चौथ्या पायरीतल्या दोन फांद्यांच्या झाडाकडे परत चला. एका टोकाला ०.३६ नॅनोसीमेन्सचा सिनॅप्स सतत उघडा ठेवा (उताराचा काळ लाखभर मिलिसेकंद दिला की झालं). टोकाला १३ मिलिव्होल्ट उठतात, बुंध्याला ६.२. मग असे दोन सिनॅप्स दिले तर बुंध्याला १२.५ यायला हवेत.

दोन्ही एकाच टोकाला ठेवलेत तर येतात १०.४. एकेक वेगवेगळ्या फांदीला ठेवलात तर ११.४.

कारण साधं आहे. सिनॅप्स प्रवाह ढकलत नाही, तो दार उघडतो. आत किती येईल ते उरलेल्या व्होल्टेजच्या फरकावर ठरतं, आणि पहिल्याने तो फरक आधीच कमी केलेला असतो. जितका जवळचा शेजारी, तितका जास्त तोटा. निष्क्रिय झाडात विखुरलेले सिनॅप्स एकवटलेल्यांपेक्षा जास्त कमावतात. ध्वनीची दिशा ओळखणाऱ्या श्रवणमार्गातल्या काही न्यूरॉनांना दोन बाजूंना दोन डेंड्राइट असतात आणि प्रत्येकावर एका कानाचे सिग्नल येतात. एकाच कानाचे दोन सिग्नल एकमेकांना खातात, दोन कानांचे मिळून पुढे जातात. १९९८ मध्ये ॲग्मन-स्नीर, कार आणि रिंझेल यांनी मॉडेलने हेच दाखवलं.

आता वेळ बदला. दोन छोट्या सिनॅप्समध्ये १, ५, १०, २० मिलिसेकंदांचं अंतर ठेवून सोमातलं शिखर पाहा. टाऊ २० असताना दहा मिलिसेकंदांनी आलेला दुसरा सिग्नलही पहिल्याच्या शेपटीवर चढतो. वर सांगितलेल्या श्रवण-न्यूरॉनांत टाऊ एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो, तिथे जवळजवळ एकाच क्षणी आलेलेच सिग्नल जुळतात.

क्रमही तपासा. एका फांदीवर चार-पाच सिनॅप्स ठेवून ते टोकाकडून सोमाकडे उघडा, मग उलट. टोकाकडून सुरू केलं तर सोमातलं शिखर मोठं येतं, कारण दूरचे उशिरा पोचतात आणि जवळच्यांच्या जोडीला येऊन बसतात. रॉल यांनी १९६४ मध्ये हे मॉडेलवरून सांगितलं होतं. ब्रँको, क्लार्क आणि हाउसर यांनी २०१० मध्ये खऱ्या डेंड्राइटवर दाखवलं.

८. पटल बदला, आकार तोच, मग उलट

एका वेळी एकच गोष्ट बदला. पटलाचा रोध २०,००० वरून ५,००० करा: टाऊ ५ मिलिसेकंदांवर येतो, लॅम्डा निम्मा होतो, आणि तिसऱ्या पायरीतलं नळकांडं एका लॅम्डाऐवजी दोन लॅम्डा लांबीचं होतं. लांबच्या टोकाला ६५ ऐवजी २७ टक्के पोचतात. एक मायक्रॉनही न हलवता पेशी लांब झाली. जिवंत मेंदूत सतत उघडझाप करणारे हजारो सिनॅप्स हेच करतात, म्हणून मेंदूच्या कापलेल्या चकतीत ठेवलेल्या शांत पेशीवर मोजलेला टाऊ जसाच्या तसा तिथे लावू नये.

आतला रोध बदलला तर लॅम्डा बदलतो, टाऊ नाही. धारिता बदलली तर स्थिर उत्तर तेच राहतं, वेळ बदलते. ही दोन वाक्यं करून बघा, वाचून सोडू नका.

मग सोमा आणि उत्तेजक सिनॅप्स यांच्या मध्ये एक अवरोधक सिनॅप्स ठेवा, उलट-व्होल्टेज उणे ६५. एकटा उघडला तर आलेखावर काहीच दिसत नाही, कारण तो पटलाला विश्रांतीलाच धरून ठेवतो. पण उत्तेजक सिग्नल आला की त्याचा मोठा भाग तिथेच गळतो. ‘व्होल्टेज हललं नाही म्हणजे परिणाम नाही’ हा निष्कर्ष इथे मोडतो.

आकार बदलायचा प्रयोग सोपा आहे: पटलाच्या किमती तशाच ठेवून दुसरी एसडब्ल्यूसी फाइल घाला. मेनेन आणि सेजनॉव्स्की यांनी १९९६ मध्ये सारख्याच चॅनेलांची पेशी फक्त वेगवेगळ्या आकारांवर चढवली आणि स्पाइकांचे नमुने पार बदललेले दाखवले.

९. सक्रिय चॅनेल सगळ्यात शेवटी

इथवरचे आकडे हातात बसले असतील तरच हे उघडा. सर्वप्रथम तापमान: सिम्युलेटरची मूळ किंमत ६.३ अंश सेल्सियस आहे, थंड पाण्यातल्या स्क्विडची. सस्तन प्राण्याच्या पेशीला ती अर्थहीन आहे. चॅनेलचं मॉडेल कोणत्या तापमानाला मोजलं होतं ते पाहून बदला.

एनएमडीए ग्राहक (काही उत्तेजक सिनॅप्सवरचे, व्होल्टेजवरही अवलंबून असलेले चॅनेल) घातलात तर सातव्या पायरीतला निष्कर्ष उलटू शकतो. त्यांच्या वाटेतला मॅग्नेशियमचा अडसर व्होल्टेज वाढल्यावर सुटतो, म्हणून एकाच बारीक फांदीवर एकवटलेले सिनॅप्स एकमेकांना खाण्याऐवजी उचलून धरतात. त्याचा पायाही तोच, टोकाकडचा मोठा प्रवेशरोध.

आय-एच हा प्रवाह (व्होल्टेज उतरलं की उघडणाऱ्या चॅनेलांमधून वाहणारा) हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या सीए-१ पिरॅमिडल पेशीत सोमापासून दूर जाताना वाढत जातो. मॅगी यांनी १९९० च्या दशकाअखेर दाखवलं की त्यामुळे दूरच्या सिग्नलांची शेपटी आखूड होते आणि लागोपाठ आलेल्या सिग्नलांची सोमातली बेरीज सिनॅप्सच्या अंतरावर फारशी अवलंबून राहत नाही. तो घालताना एक काम आधी करा. आय-एच विश्रांतीलाही थोडा उघडा असतो, म्हणून विश्रांतीचं व्होल्टेज वर सरकतं आणि प्रवेशरोध उतरतो. गळतीचं संतुलन-व्होल्टेज पुन्हा बसवा, सोमातला प्रवेशरोध नव्याने मोजून टिपा, आणि मगच निष्क्रिय पेशीच्या नोंदींशी तुलना करा.